भाजीचा वाफा आणि बाजाराचा वार



परसबागेत भाजी पिकविणे मुलांस लवकर साधते. ती विकणे साधत नाही, आणि लहान शेतकऱ्याचे नुकसान बहुधा याच ठिकाणी होते. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने उत्पादक हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवावा असे सुचविले. तथापि आपल्या शाळांतील वाफे पुष्कळदा तपासणीच्या दिवसापुरतेच हिरवे असतात, हे तपासणीस जाणारा मीच सांगतो आहे.

मी शिक्षक असताना एका गुंठ्यात, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागेत, एकाच दिवशी मेथी पेरविली. महिन्याने सारी मेथी एकदम काढणीस आली. आठवडी बाजारात त्या दिवशी जिकडेतिकडे मेथीचेच ढीग. आमच्या थोड्या जुड्या खपल्या. उरलेल्या उन्हाने माना टाकू लागल्या व अखेर गुरांपुढे गेल्या. मुलांचे चेहरे पाहवेनात. दोष माझा होता. मी पिकाचा विचार केला होता, बाजाराच्या वाराचा नव्हे.

पुढील वर्षी त्याच गुंठ्याचे ४ भाग केले व दर ७ दिवसांनी एकेक भाग पेरला. मेथी २५ ते ३० दिवसांत निघते. म्हणून चौथा भाग पेरल्यावर आठवड्याने पहिला मोकळा होतो. त्यात पुन्हा मेथी न करता मुळा वा पालक घ्यावा. कोथिंबिरीस अधिक दिवस लागतात. धने रगडून दोन फाकी करून पेरावेत. बांधालगत भेंडीची एक ओळ असावी, मात्र ती एक दिवसाआड तोडली नाही तर जून होते. पालेभाजी बाजाराच्या आदल्या सायंकाळी काढून ओल्या गोणपाटाखाली ठेवावी.

पहिला वाटा शालेय पोषण आहाराच्या पातेल्यात जावा, उरलेला बाजारात. हिशेब मुलांनीच लिहावा. आमच्या मुलांनी बी, खत व गाडीभाडे वजा करून नफा मोठ्या आनंदाने फळ्यावर मांडला. तेव्हा पाचवीतील एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, निंदणीची मजुरी कुठं धरली? आमच्या घरी आई रोज निंदते, तीपण कुणी धरत नाही." मी खडू तिच्या हाती दिला. मजुरी धरताच नफा जवळजवळ नाहीसा झाला. वर्ग बराच वेळ गप्प होता. गणिताचा इतका चांगला तास मी त्यापूर्वी घेतला नव्हता. तेव्हापासून हिशेबाच्या वहीत घरच्या माणसांच्या तासांचा रकाना आम्ही पहिला आखू लागलो.

उन्हाळी सुट्टीत वाफ्यांस पाणी कोण देणार, हे मात्र मार्चमध्ये बी टाकण्यापूर्वीच पालकांशी बोलून ठरवावे. विहिरीचे पाणी तोवर पुरणार नसेल, तर त्या हंगामात जमीन नांगरून तापू द्यावी.