माकडताप : रोग जुना, ओळख नवी

रोगाचा जन्म आणि त्याचे नामकरण यांत पुष्कळदा दीर्घ काळाचे अंतर असते. २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात केर गावी तापाचे रुग्ण आढळले, तेव्हा महाराष्ट्राला ‘माकडताप’ हा शब्द परिचित झाला. वस्तुतः या रोगाची कथा बरीच जुनी आहे.

मार्च १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व लगतच्या गावांत तीव्र तापाची साथ पसरली. भारतात पीतज्वर तर शिरला नाही ना, अशी शंका प्रथम आली. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे डॉ. टेलफोर्ड वर्क व त्यांचे सहकारी यांनी शोध घेतला, तेव्हा हा विषाणू पीतज्वराचा नसून रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातील असल्याचे निष्पन्न झाले. हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. १९५७ च्या काही वर्षे आधी झालेल्या पाहणीत सौराष्ट्र व कच्छमधील काही लोकांच्या रक्तात याच कुळातील विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे हा विषाणू, निदान त्याचा एखादा भाऊबंद, नाव मिळण्यापूर्वीच या देशात वावरत होता. रानात येणाऱ्या तापाला हिवताप वा विषमज्वर समजणे सोपे असल्याने असा रोग सहज दृष्टीआड राहतो.

विषाणूचे वास्तव्य गोचीड आणि रानातील उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांत असते. पूर्ण वाढलेला गोचीड गुरांवर पोसतो. लहान अवस्थेतील गोचीड माकडांना व माणसांना चावतो. या लहान गोचिडांचा सुळसुळाट डिसेंबर ते मे या काळात असतो. नेमका हाच काळ सरपण, पाला व काजू गोळा करण्याचा. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात, पाली गावी आणि पुढे सिंधुदुर्गात काजूच्या बागांत राबणाऱ्यांना रोगाची झळ पोचली ती यामुळेच.

एकाएकी भरणारा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या व क्वचित रक्तस्राव ही लक्षणे होत. शंभर रुग्णांतील सुमारे तीन ते पाच दगावतात. रोगावर खास औषध नाही. वेळीच निदान व शुश्रूषा हाच आधार. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही, म्हणून रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, गोचीडरोधक तेल लावावे व परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडे धुवावेत. मेलेले माकड हाताळू नये. त्याची वर्दी तत्काळ वन व आरोग्य खात्यांना द्यावी. माकडांचे मरण ही बहुधा साथीची पहिली सूचना असते. ती वाचणारा पहिला माणूस प्रयोगशाळेत नसतो, गावात असतो. नाशिकसारख्या वनप्रदेश असलेल्या जिल्ह्यांतील शिक्षक व पंचायत सदस्यांनीही हे ध्यानी ठेवणे इष्ट होय.