खेळ खेळणारे आणि खेळ रचणारे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ‘कोडिंग’ला स्थान दिले. तेव्हापासून या विषयाची चर्चा प्रामुख्याने भावी रोजगाराच्या अंगाने होत आली आहे. त्या चर्चेत एक महत्त्वाची शक्यता मागे पडते: मुलांनी स्वतः व्हिडिओ गेम रचावा आणि त्या रचनेतून गणित, विज्ञान किंवा इतिहास शिकावा.

या विचाराला अर्धशतकाहून मोठी परंपरा आहे. १९६७ साली सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा सिद्ध केली. दुसऱ्याला दाखवता येईल अशी वस्तू घडवताना मूल सर्वाधिक शिकते, ही पॅपर्ट यांची भूमिका होती. यास्मिन कफाई यांनी ती वर्गात नेली. बॉस्टनमधील चौथीच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याहून लहान मुलांना अपूर्णांक शिकवणारे गेम तयार केले. त्यावरील कफाई यांचे ‘माइंड्स इन प्ले’ हे पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले. अशा कामात मुलाला केवळ उत्तर काढून भागत नाही. पाऊण म्हणजे काय हे दुसऱ्याला कसे दाखवावे, तो नेमका कोठे चुकेल आणि चुकल्यावर त्याला काय सांगावे, याचा विचार करावा लागतो. हा विचार एरवी शिक्षकाच्या वाट्याला येतो.

मी इतिहासाचा विद्यार्थी असल्याने दांडीयात्रेचे उदाहरण घेतो. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी ७८ सत्याग्रहींसह साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मिठाचा कायदा मोडला. परीक्षेला एवढे पुरते. परंतु याच घटनेवर गेम रचायचा म्हटले की नियम ठरवावे लागतात. सुमारे ३८५ किलोमीटरच्या वाटेवर मुक्काम कोणत्या गावी करावा? पुढे गेलेल्या तुकडीने गावांची कोणती माहिती जमवावी? लाठी खाणाऱ्याचे गुण वाढावेत की घटावेत? शत्रूला मारून गुण मिळवण्याची गेमची रूढ पद्धत येथे चालत नाही, आणि ती का चालत नाही हे शोधताना सत्याग्रहाचा अर्थ उलगडू लागतो. खेळाडू व्हाइसरॉय आयर्विन असेल, तर पेच आणखी गहिरा होतो. गांधीजींना वाटेतच अटक केली तर देश पेटेल. न केली तर सरकार दुबळे दिसेल. प्रत्यक्षात अटक झाली ती ५ मे रोजी. हा विलंब का झाला, याचे उत्तर पुराव्यानिशी शोधल्याशिवाय त्या गेमचा नियम लिहिता येणार नाही.

धोकाही येथेच आहे. गेमला जय-पराजय लागतो. इतिहास इतका आटोपशीर नसतो. म्हणून प्रत्येक नियमाखाली त्याचा आधार लिहिण्याची अट हवी आणि ती तपासणारा शिक्षक इतिहासाचा हवा.

आपल्याकडे या दिशेने सर्वांत पद्धतशीर पाया केरळने घातला आहे. २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने पुढे मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला, त्यामुळे परवान्यांचा खर्च वाचला. पहिली ते चौथीच्या संगणक पुस्तकांचे ‘कळिप्पेट्टी’, म्हणजे खेळपेटी, हे नावच बोलके आहे. २०१८ साली माध्यमिक शाळांत ‘लिटल काइट्स’ मंडळे स्थापन झाली. त्यांच्या शिबिरांत मुले ‘स्क्रॅच’ या ठोकळे जोडून आज्ञा लिहिण्याच्या विनामूल्य प्रणालीवर गेम तयार करतात. मात्र या मंडळांत प्रवेश अभिरुची चाचणीतून मिळतो. निवडक मुलांना मिळणारी ही संधी वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत कशी न्यावी, हा पुढचा प्रश्न आहे.

अन्य राज्यांपुढील प्रश्न अधिक प्राथमिक आहे. केंद्राच्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातील सुमारे ५७ टक्के शाळांतच चालू स्थितीतील संगणक होते; इंटरनेट सुमारे ५४ टक्के शाळांत होते. प्रशासकीय सेवेत असताना मी कुलूपबंद संगणकखोल्या पाहिल्या आहेत. यंत्र बिघडले तर जबाबदारी कोणाची, हे न ठरल्यामुळे ती खोलीच उघडली जात नसे. खरेदीची तरतूद होते. दुरुस्तीची आणि शिक्षकाच्या वेळेची होत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, गेमरचना संगणकाच्या तासापुरती न ठेवता विषयशिक्षकाच्या हाती द्यावी आणि वर्षभरात एका विषयातील एकाच प्रकरणासाठी ती योजावी. दुसरी, अंतर्गत मूल्यमापनात तिला गुण असावेत. ज्याला गुण नाहीत, ते आपल्या शाळांत फार काळ टिकत नाही. तिसरी, जेथे यंत्र नाही तेथे कागद, सोंगट्या आणि फाशांनी आरंभ करावा. नियम रचण्याची बौद्धिक शिस्त त्यातही लागतेच आणि सोंगट्यांच्या पटाची आपल्या घरांना जुनी ओळख आहे.

ज्यांना खाजगी शिकवण्या परवडतात, त्यांची मुले कोडिंग शिकतीलच. सरकारी शाळेतील मूल मात्र या नव्या माध्यमात केवळ ग्राहक म्हणून प्रवेश करील की रचनाकार म्हणून, हे शासनाच्या निर्णयावर अवलंबून आहे.