पैसा गाडी बदलतो

मनमाडला उतरणाऱ्यांपैकी अनेकांना मनमाडशी काही देणेघेणे नसते. मुंबई-भुसावळ मार्गाने यायचे, इथे उतरायचे आणि शिर्डी-दौंडकडे नाहीतर संभाजीनगर-नांदेडकडे जाणारी गाडी धरायची. ऑनलाइन फसवणुकीतला पैसाही असाच गाड्या बदलत पळतो. फसलेल्याच्या खात्यातून तो एका अनोळखी खात्यात जातो, तिथून पाचसहा खात्यांत फुटतो आणि शेवटी रोख किंवा क्रिप्टो होऊन निसटतो. या मधल्या खात्यांना पोलीस ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. आपण भाड्याची खाती म्हणू. फसलेल्यांवर आपण भरपूर लिहितो, पण भाड्याच्या खात्यांकडे फारसे कोणी बघत नाही. ही खाती तुमच्या-आमच्यासारख्यांच्याच आधार आणि पॅनवर उघडलेली असतात.

महाराष्ट्रातली सर्वांत गाजलेली सायबर चोरी याच अंगाने पाहण्यासारखी आहे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक 1906 सालची. 11 ऑगस्ट 2018 रोजी, शनिवारी, तिच्या नावाची बनावट कार्डे 28 देशांतल्या एटीएममध्ये फिरली आणि काही तासांत सुमारे 78 कोटी रुपये निघाले. भारतातल्या एटीएममधूनही अडीच कोटी गेले, त्यात कोल्हापूरही होते. सोमवारी परदेशी पैसे पाठवण्याच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण आकडा 94 कोटी 42 लाख. कार्ड घातल्यावर पैसे द्यायचे की नाही, हे एटीएम बँकेच्या स्विचला विचारते. चोरांनी खऱ्या स्विचला बाजूला सारून बनावट स्विच बसवला होता आणि तो प्रत्येक मागणीला ‘हो’ म्हणत सुटला. खातेदारांची शिल्लक शाबूत राहिली, पैसा बँकेचा गेला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने 2019 च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पण एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोषी ठरवले ते 11 जण इथलेच, कार्ड घालून नोटा काढणाऱ्या साखळीतले. डोके सापडले नाही, हात सापडले.

आजचे हात म्हणजे भाड्याची खाती. ‘गेमिंगचे पैसे येतील, तुझे खाते महिनाभर दे, पासबुक-एटीएम आणि सिम आमच्याकडे राहील,’ असे म्हणणारा ओळखीचाच कोणी असतो. चार पैसे सुटतात म्हणून कॉलेजातली पोरे खाते देऊन मोकळी होतात. पुढे दुसऱ्या राज्यातले पोलीस त्या खात्याचा माग काढत येतात तेव्हा कागदावरचा फोटो त्या पोराचाच असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली तोतयेगिरीने फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मला माहीत नव्हते’ हे मग पोलिसांना पटवत बसावे लागते.

केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेला आकडा असा: 2023 मध्ये देशात सायबर फसवणुकीत 7,465 कोटी गेले, 2024 मध्ये 22,845 कोटी. या ओघाला अडवण्याची जागा एकच, पैसा अजून मधल्या खात्यात असताना. त्यासाठीच 1930 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. 2021 मध्ये हीच सेवा 155260 या क्रमांकावर सुरू झाली होती. फोन लागला की बँकेचे नाव, खाते किंवा यूपीआय आयडी, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो आणि अ‍ॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. तक्रार पैसे पोचलेल्या बँकेकडे जाते. पैसे तिथेच असतील तर ती रोखून धरते, पुढे गेले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे सरकते. म्हणून ‘आधी घरात बोलू, उद्या बँकेत जाऊ’ हा हिशेब महागात पडतो. खरे तर बरेच जण घरातही बोलत नाहीत. लाज वाटते.

मनमाड रेल्वेचे गाव, त्यामुळे इथल्या माणसाला गाठायचे तर रेल्वेचे आमिष सोपे. रद्द तिकिटाचा परतावा मिळाला नाही म्हणून कोणी समाजमाध्यमावर पीएनआर आणि मोबाइल नंबर टाकून तक्रार करतो आणि ‘रेल्वेतून बोलतोय’ असा फोन येतो. ऑनलाइन तिकिटाचा परतावा ज्या खात्यातून तिकीट काढले तिथेच आपोआप जमा होतो, त्यासाठी ना लिंक लागते ना पिन. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही. लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते, फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असते. ती पत्रिका नव्हे, अ‍ॅप असते. उघडून परवानगी दिली की आलेले ओटीपी परस्पर चोराकडे. व्हिडिओ कॉलवर वर्दी दाखवून ‘डिजिटल अरेस्ट’ करणाऱ्यांबद्दल वेगळे काय सांगायचे? अशी अटक कायद्यात नाही.

अशाच फसवणुकीचा आणखी एक हंगाम म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचे दिवस. वर्कशॉपातून, लोको-ट्रॅफिकमधून निवृत्त झालेली किती घरे इथे आहेत! ‘दाखला आला नाही, आज रात्री पेन्शन बंद’ असा फोन त्यांना हमखास येऊ शकतो, आणि बोलणाऱ्याला नाव व निवृत्तीची तारीख ठाऊक असल्याने तो खराही वाटतो. दाखला बँकेत, पोस्टात किंवा ‘जीवन प्रमाण’वर चेहरा दाखवून देता येतो. तो द्यायला उशीर झालाच तर पेन्शन थांबते, आणि दाखला पोचल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होते.