एकच अ‍ॅप, दोन भाव: कॅशे सर्व्हरची भानगड

हा भाग मी आसेगावात, घरच्या ओट्यावर बसून रेकॉर्ड केलाय. ऑडिओत मधूनच ट्रॅक्टर ऐकू येतो, सांभाळून घ्या. ज्यांना वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

झालं असं, संध्याकाळी काका मोबाइल घेऊन आले. “काऊन रे, तुह्या मोबाइलात सोयाबीनचा भाव वेगळा अन् माह्या मोबाइलात वेगळा! कोनता खरा हाय?” अ‍ॅप एकच, बाजार समितीही एकच, मंगरूळपीरची. फरक क्विंटलमागे 200 रुपये. सकाळी 20 क्विंटल माल न्यायचा, गाडी सांगून ठेवलेली. म्हणजे 4,000 रुपयांचा प्रश्न.

मी रिफ्रेश केलं. जुना भाव. परत केलं, नवा. परत, जुना! रेंजचा दोष असता तर एकदा आलेला नवा भाव मागे फिरला नसता. तुरीचा भाव मात्र दोन्ही फोनवर सारखाच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्या टीममध्ये माझा एक मित्र आहे. त्याला फोन लावला.

आता कॅशे म्हणजे काय? सातबाऱ्याची झेरॉक्स समजा. खरी नोंद डेटाबेसमध्ये, पण दर वेळी तिथं कोण जाणार? म्हणून झेरॉक्स जवळ ठेवायची. फेरफार झाला की जुनी झेरॉक्स फाडायची, एवढंच काम. ते चुकलं की गोंधळ. मेमकॅश्ड हे या कामाचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर, ब्रॅड फिट्झपॅट्रिकने 2003 मध्ये लाइव्हजर्नलसाठी लिहिलं. रेडिस नंतरचं.

कॅशे सर्व्हर अनेक असले की कोणती झेरॉक्स कोणाकडे, हे गणिताने ठरतं. ते गणित सर्व्हरच्या यादीवर चालतं. मित्र म्हणाला, “अरे, दुपारीच चाराचे पाच केले.” तिथंच मला वास आला. अशा हॅशिंगमध्ये पाचवा सर्व्हर आला की साधारण पाचवा हिस्सा माल नव्या जागी जातो, बाकी जागेवरच राहतो. सोयाबीन हललं, तूर नाही!

मित्र घाईत सगळी कॅशे पुसायला निघाला होता. मी म्हटलं, थांब. पुरावाही जाईल आणि सगळा भार एकदम डेटाबेसवर पडेल. 23 सप्टेंबर 2010 ला फेसबुक जवळपास अडीच तास बंद पडलं, ते अशाच माऱ्यामुळे: एक चुकीचं कॉन्फिगरेशन दुरुस्त करायला सगळ्या मशीन एकदम डेटाबेसवर तुटून पडल्या.

मग एकेका कॅशे सर्व्हरला थेट तीच की विचारली. पाचव्याकडे नवा भाव, दुसऱ्याकडे जुना, आणि त्याची मुदत संपायला अजून कित्येक तास. मग प्रत्येक अ‍ॅप सर्व्हरवरची यादी ताडून पाहिली. एका मशीनवर अजून चारच नावं! ती रीस्टार्टच झाली नव्हती. भाव बदलल्यावर बाकीच्यांनी पाचव्यावरची झेरॉक्स फाडली, ही मशीन मात्र दुसऱ्याकडचीच वाचत बसली. तुमची रिक्वेस्ट तिच्याकडे गेली की जुना भाव.

यादी सारखी असूनही असं होतं बरं का. एकाने डेटाबेसमधून जुना भाव उचलला, तेवढ्यात दुसऱ्याने भाव बदलून कॅशे पुसली, मग पहिला उशिरा येऊन जुनाच ठेवून गेला. फेसबुकने 2013 च्या पेपरमध्ये यावर ‘लीज’चा उपाय मांडला: ठेवायला आधी टोकन घ्यायचं, मध्ये की पुसली गेली तर टोकन रद्द. छोट्या टीमला मी म्हणेन, व्हर्जन नंबर ठेवा आणि मुदत कमी करा.

मित्राने ती मशीन बाजूला काढली, यादी बदलून रीस्टार्ट केली, दुसऱ्या सर्व्हरवरची शिळी कीही पुसली. नाहीतर उद्या पाचवा सर्व्हर काढला की तीच परत वर येणार. मी दहादा रिफ्रेश केलं, दहाही वेळा नवाच भाव.

नवा भाव कमीचा होता. काका तोवर अडत्याला फोन लावून मोकळे झाले होते. “गाडी उद्या नको म्हना,” म्हणाले आणि चहा मागवला.