ट्रॅक्टरवाल्याची मोटार

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या कंपासपेटीवर लॅम्बोर्गिनीचं चित्र चिकटवलेलं आहे. मी विचारलं, "हे नाव मोटारीआधी कशावर असायचं, ठाऊक आहे?" कुणी म्हणालं विमान, कुणी म्हणालं रॉकेट. नाही रे बाबांनो, ट्रॅक्टरवर!

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा इटलीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्याच्या गाड्या दुरुस्त केल्या. युद्ध संपलं आणि लष्कराची जुनी यंत्रं पडून राहिली. त्यांचेच भाग जुळवून त्याने ट्रॅक्टर बनवले आणि बघता बघता तो श्रीमंत झाला. मग फेरारी गाडी घेतली, पण तिचा क्लच सारखा बिघडायचा. तक्रार घेऊन तो एन्झो फेरारीकडे गेला. ट्रॅक्टरवाल्याला मोटारीतलं काय कळतं, अशा अर्थाचं उत्तर मिळालं, असं तो पुढे सांगायचा. खरं-खोटं ते दोघंच जाणोत!

झालं! १९६३ साली त्याने सांताआगाता गावात मोटारींचा कारखानाच काढला. त्याला शर्यतीची गाडी नको होती. हवी होती 'ग्रँड टूरर', म्हणजे सामानसुमान घेऊन लांबच्या प्रवासाला सुसाट निघावं आणि आत मात्र दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटावं. बारा सिलिंडरचं इंजिन तयार केलं बित्सारिनीने, तोही पूर्वी फेरारीकडेच होता. पण इंजिन झालं शर्यतीसारखं तापट! विशीतल्या डल्लारा नावाच्या इंजिनिअरने आपल्या सोबत्यांसह ते रोजच्या रस्त्यासाठी शांत केलं.

त्याआधी एक गंमत झाली. त्याच वर्षी तुरीनच्या प्रदर्शनात पहिली गाडी मांडायची होती आणि इंजिन बॉनेटखाली मावेना! मग काय, बॉनेट बंदच ठेवलं. वजन भरावं म्हणून आत विटा ठेवल्या होत्या, असं म्हणतात. एवढ्या पैसेवाल्या माणसाची केवढी पंचाईत!

१९६४ मध्ये '३५० जीटी' आली. वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर. फेरारीच्या बरोबरीने टिकायचं म्हणून पहिल्या गाड्या त्याने तोटा सोसून विकल्या. फेरारीचं चिन्ह घोडा, तर याने निवडला बैल, कारण त्याची रास वृषभ!

पुढे अडचणी आल्या. १९७४ पर्यंत त्याने दोन्ही कारखाने विकले आणि उंब्रिया भागात जाऊन तो द्राक्षं पिकवू लागला. १९९३ साली तो वारला. त्याच्या नावाचे ट्रॅक्टर मात्र आजही शेतं नांगरतात.