एकाच गिऱ्हाइकाला विचारून केलेला सौदा

डॅलस, नोव्हेंबर २०२५

डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाने ११ नोव्हेंबरला आपले जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना काढून टाकलं. हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि अकरापैकी आठ सामने संघ हरला होता. पण ते त्या आठ पराभवांमुळे गेले, असं इथे कुणीच म्हणणार नाही. ते गेले नऊ महिन्यांपूर्वीच्या एका सौद्यामुळे. १ फेब्रुवारीच्या शनिवारी रात्री उशिरा बातमी आली की लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला देऊन टाकलं. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातंच हॅक झालं असावं, असं सुरुवातीला अनेकांना वाटलं.

डॉन्चिच मूळचा स्लोव्हेनियाचा. पोरवयात रेआल माद्रिदकडून खेळला आणि २०१८ मध्ये डॅलसला आला. पुढे सलग पाच हंगाम तो एनबीए या लीगच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत निवडला गेला. २०२४ मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं. सौदा झाला तेव्हा त्याचं वय होतं २५. त्याच्या बदल्यात डॅलसला मिळाले ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी नावाचा एक तरुण खेळाडू आणि २०२९ सालच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपातली, लेकर्सची पहिल्या फेरीची एक निवड.

आपल्याकडे २०२५ च्या नोव्हेंबरात रवींद्र जडेजा चेन्नईहून राजस्थानला आणि संजू सॅमसन राजस्थानहून चेन्नईला गेला, तेव्हा ट्रेड हा शब्द घरोघरी ऐकू आला असेल. पण आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. इथे करारात तसं खास कलम नसेल तर खेळाडूला विचारण्याचा प्रश्नच येत नाही, आणि असं कलम फार थोड्यांच्या करारात असतं. डॉन्चिचलाही कल्पना नव्हती. खेळाडू, त्याचा करार, त्याची उरलेली वर्षं, सगळं एका फोनवर दुसऱ्या शहरात जातं.

या लीगची घडणच वेगळी आहे, आणि ती समजल्याशिवाय डॅलसकरांचा राग समजणार नाही. एनबीएत तीस संघ आहेत. तळाला राहिलेला संघ खालच्या विभागात ढकलला जात नाही. उलट दर जूनमध्ये होणाऱ्या ड्राफ्टमध्ये नव्या खेळाडूंतून आधी निवड करण्याची संधी त्याला मिळते. त्यासाठी सोडत काढतात. २०२५ च्या सोडतीत सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के शक्यता होती. शिवाय संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. २०२४-२५ च्या हंगामात ती सुमारे १४ कोटी डॉलर होती. ती ओलांडता येते, पण जितकं वर जावं तितके कर आणि निर्बंध वाढतात. मालक कितीही श्रीमंत असो, पाच तारे विकत घेऊन संघ उभारणं त्याला जमत नाही. म्हणून इथे खरी दौलत दोनच गोष्टींची: कमी पगारावर खेळणारे गुणी तरुण आणि पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधल्या निवडी. निवडी म्हणजे अजून शाळेत असलेल्या मुलांवरचे हक्क, आणि त्यांचीही खरेदी-विक्री चालते. मधल्या क्रमांकांवर रेंगाळणाऱ्या संघाला ना विजेतेपद मिळतं, ना चांगली निवड.

ही दौलत कशी जमवावी, हे पाहायला डॅलसहून गाडीने उत्तरेकडे तीन तास जावं लागतं. ओक्लाहोमा सिटी हे सुमारे सात लाख वस्तीचं शहर. तिथल्या थंडर संघाचे प्रमुख सॅम प्रेस्टी २००७ पासून त्याच खुर्चीत आहेत. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांचा तारा पॉल जॉर्ज याने लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे जायची इच्छा सांगितली. कवाय लेनर्ड हा दुसरा तारा क्लिपर्सकडे यायला तयार होता, पण त्याला जोडीला जॉर्ज हवा होता. म्हणजे क्लिपर्सना एका जॉर्जच्या जागी दोन तारे मिळणार होते. प्रेस्टींनी किंमत त्या हिशेबाने लावली: पहिल्या फेरीच्या पाच निवडी, आणखी दोन वर्षी निवडींची अदलाबदल करण्याचा हक्क आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा २१ वर्षांखालचा एक मुलगा. पाठोपाठ थंडरचा दुसरा तारा रसेल वेस्टब्रुकही ह्यूस्टनला गेला, आणि आणखी निवडी आल्या.

त्यानंतरची वर्षं कठीण होती. २०२०-२१ मध्ये संघाने ७२ पैकी २२ सामने जिंकले, पुढच्या वर्षी ८२ पैकी २४. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसने त्यांना ७३ गुणांनी हरवलं. लीगच्या इतिहासात इतक्या फरकाने कुणीच हरलेलं नाही. पण प्रेस्टींनी घाबरून चाळिशीकडे झुकलेला एखादा जुना तारा आणला नाही. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन मिळाला. बाराव्या क्रमांकावर, क्लिपर्सकडून आलेल्या निवडीतून, जेलन विल्यम्स मिळाला. २०२३ च्या डिसेंबरात शहराच्या मतदारांनी नव्या स्टेडियमसाठी विक्रीकर मंजूर केला. २०२४-२५ च्या हंगामात संघाने ६८ सामने जिंकले आणि २२ जूनला इंडियानाला सातव्या सामन्यात हरवून विजेतेपद घेतलं. शे लीगचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अंतिम फेरीचाही.

तारा विकून सगळ्यांचंच भलं होतं असं नाही. फिलाडेल्फियाने २०१३ पासून मुद्दाम तळाला राहण्याचं धोरण घेतलं, एका हंगामात ८२ पैकी फक्त दहा सामने जिंकले, आणि तरीही ते तेव्हापासून आजवर बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यापुढे गेलेले नाहीत. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकासमोर जाणूनबुजून दुबळा संघ उतरवणं मला पटत नाही. पण विकायचंच ठरलं, तर विकणाऱ्याने एवढं तरी पाहावं की घेणाऱ्याची गरज किती मोठी आहे. २०१३ मध्ये ब्रुकलिनला ताबडतोब जिंकायचं होतं. त्यांनी बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स हे उतारवयातले खेळाडू घेतले आणि बदल्यात निवडी दिल्या. त्यांतूनच बॉस्टनला जेलन ब्राउन मिळाला आणि जेसन टेटमचा मार्गही खुला झाला. त्याच दोघांच्या बॉस्टनने २०२४ च्या अंतिम फेरीत डॅलसला हरवलं.

हॅरिसन यांनी नेमकं हेच पाहिलं नाही. लेकर्सचा तारा लेब्रॉन जेम्स चाळीस वर्षांचा झाला होता आणि लेकर्सना वारसदार हवा होता. त्यांची निकड डॅलसपेक्षा कितीतरी मोठी होती. तरी त्यांच्याकडे देता येण्याजोग्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी असताना डॅलसने एकीवर समाधान मानलं. बाकीच्या संघांना विचारलंच नाही. डॉन्चिचची तंदुरुस्ती, त्याचा बचाव, आणि पाच वर्षांसाठी द्यावे लागले असते ते सुमारे साडेचौतीस कोटी डॉलर, ही कारणं खोटी नव्हती. पण त्यांवरचा उपाय म्हणून सहा वर्षांनी मोठा आणि दुखापतींचा इतिहास असलेला खेळाडू घेणं, हा हिशेब कुठल्याच बाजूने जुळत नाही. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी झाला आणि त्या हंगामात डॅलससाठी फक्त नऊ सामने खेळला.

आणि शहराचं काय? डर्क नोवित्स्की इथे एकवीस हंगाम खेळला. मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. लोकांनी डॉन्चिचला त्याचाच वारसदार मानलं होतं. प्लेनो, फ्रिस्को या उपनगरांतल्या मराठी घरांतली मुलंसुद्धा ७७ क्रमांकाची जर्सी घालून शाळेत जात. सौद्यानंतर लोक मैदानाबाहेर शवपेटी घेऊन जमले. एप्रिलमध्ये डॉन्चिच लेकर्सच्या पोशाखात परत आला, जुनी दृश्यं पडद्यावर पाहताना रडला आणि मग ४५ गुण करून गेला. पाहुण्या खेळाडूसाठी अख्खं मैदान उभं होतं. हा जिव्हाळा ताळेबंदात कुठे दिसत नाही, पण ओक्लाहोमात पडत्या काळात संघ तगला तो त्याच्याच बळावर.

२०२५ च्या मे महिन्यात डॅलसला अवघ्या १.८ टक्के शक्यतेवर पहिल्या क्रमांकाची सोडत लागली आणि १८ वर्षांचा कूपर फ्लॅग मिळाला. हे निव्वळ नशीब होतं. नव्या व्यवस्थापनाने त्यावर विसंबू नये, कारण २०२७ ते २०३० या चारही वर्षांच्या आपल्या निवडी डॅलसने आधीच्या सौद्यांत अडकवून ठेवल्या आहेत. २०२८ च्या अदलाबदलीचा हक्क तर ओक्लाहोमाकडेच आहे. त्या हंगामातली ट्रेडची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ ला संपणार होती. हॅरिसन गेले तेव्हाच माझं मत स्पष्ट होतं: फ्लॅगला हात लावू नये, डेव्हिसला तोपर्यंत विकावं, आणि या वेळी बाकीच्या एकोणतीसही संघांना फोन करावा.