नाकाची शस्त्रक्रिया, हाताची विद्या

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एक पत्र आणि त्यासोबत एक कोरीव चित्र छापून आलं. चित्रातला माणूस होता कावसजी. पत्रलेखकाच्या म्हणण्यानुसार तो जातीनं मराठा शेतकरी, इंग्रज फौजेत बैल हाकणारा. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती.

पत्रातलं वर्णन इतकं काटेकोर आहे की आजचा सर्जनही त्यावरून चालू शकेल. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याभोवती रेघ ओढायची. तेवढी कातडी सोलायची, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक बारीक पट्टी जोडलेलीच ठेवायची, कारण नवीन जागी कातडी धरेपर्यंत रक्त तिथूनच येणार असतं. मग कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि नाकाच्या कडांशी पाडलेल्या चिरेत बसवायची. वरून पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यात मऊ कापडाचे बोळे आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापून टाकायची.

हे वाचून लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू झपाटला. त्यानं वर्षानुवर्षं मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ला एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. १८१६मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. १८१८मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेचं पुस्तक आलं आणि कपाळाच्या कातडीचं हे तंत्र युरोपभर पसरलं. परदेशी सर्जननी नाकाची शस्त्रक्रिया शिकण्याची ही कथा अशी पुण्याच्या वेशीपासून सुरू होते. त्यात शिकणाऱ्यांची नावं इतिहासात नीट नोंदली गेली. ज्याच्या हातून ती विद्या बाहेर पडली, त्या वीटकऱ्याचं नाव मात्र पत्र लिहिणाऱ्यानं विचारून घेतलं नाही. ही उणीव खुपणारी आहे, कारण पुढच्या दोनशे वर्षांतही शिकणाऱ्याकडे जेवढं लक्ष गेलं, तेवढं ज्यांच्यामुळे शिकता आलं त्यांच्याकडे क्वचितच गेलं.

हात घडवायचा कसा, याचा विचार आपल्याकडे त्याच्याही खूप आधी झाला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्या' म्हणजे सरावावर एक स्वतंत्र अध्याय आहे. छेद घ्यायला शिकायचं ते कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांच्यावर, शीर उघडायला मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर, शिवायला कापडावर आणि मऊ चामड्यावर, पट्टी बांधायला बाहुलीवर. सगळी शास्त्रं शिकूनही ज्यानं असा सराव केला नाही, तो कामाला अयोग्य, असा त्या अध्यायाचा रोख आहे.

विसाव्या शतकात प्रश्न नाकाच्या बाहेरून आत गेला. कपाळ, गाल, डोळ्यांच्या मधला भाग आणि कवटीचा तळ इथल्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्याच सायनस. जुन्या काळी गालाच्या सायनसमध्ये पू झाला की वरच्या ओठाखालून हाडाला भोक पाडून सगळं अस्तर खरवडून काढत. अमेरिकेतला कॉल्डवेल आणि फ्रान्समधला ल्यूक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रूढ केलेली ही पद्धत पुढे अनेक दशकं चालली. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगरनं वेगळंच पाहिलं. सायनसच्या अस्तरावरचे सूक्ष्म केसल शेंबूड एका ठरलेल्या नैसर्गिक दाराकडेच ढकलत नेतात. दुसरीकडे कितीही मोठं भोक पाडलं तरी त्यांची वाट बदलत नाही. म्हणजे अस्तर खरवडायचं नाही, तर चोंदलेलं दार उघडून द्यायचं. हे पाहता आलं ते हॅरॉल्ड हॉपकिन्सनं शोधलेल्या आणि कार्ल स्टोर्झ कंपनीनं बाजारात आणलेल्या काचदांड्यांच्या दुर्बिणीमुळे. मेसरक्लिंगरचं पुस्तक १९७८चं. त्याचा शिष्य हाइन्झ श्टामबर्गर आणि अमेरिकेतला डेव्हिड केनेडी यांनी १९८५पासून हे तंत्र जगभर शिकवलं. आज कुठल्याही तालुक्याच्या गावात 'दुर्बिणीनं सायनसचं ऑपरेशन' म्हणतात, ते हेच.

पण या जागेत चुकीला फारशी सोय नाही. डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत कागदासारखी पातळ. छताचं हाड काही ठिकाणी त्याहून नाजूक आणि त्याच्यावर थेट मेंदू. अगदी मागच्या सायनसच्या बाजूच्या भिंतीला दृष्टीची नस आणि मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी दोन्ही खेटून गेलेल्या. त्यात प्रत्येक माणसाच्या नाकाची आतली रचना वेगळी. कान-नाक-घसा विषयात एम.एस. करणारा डॉक्टर तीन वर्षांत कान, घसा, स्वरयंत्र, मान आणि कर्करोग एवढं सगळं शिकतो. त्यातून नाकाच्या वाट्याला येणारा वेळ इतक्या बारीक कामाला पुरत नाही. म्हणून फेलोशिप. सहा महिने, वर्षभर एखाद्या जाणत्या सर्जनच्या शेजारी उभं राहायचं. रोज सी.टी. स्कॅनची पानं वाचायची, मृतदेहावर आणि शेळी-मेंढीच्या डोक्यावर हात बसवायचा, आधी धरायचं, मग थोडं करायचं, शेवटी गुरूच्या नजरेखाली पूर्ण करायचं.

जगात या शिक्षणाची काही तीर्थक्षेत्रं आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये पी. जे. वर्मल्ड यांच्याकडे देशोदेशीचे सर्जन येत राहिले. कपाळाच्या सायनसची गुंतागुंतीची वाट मनात ठोकळे रचल्यासारखी उभी करून मगच हत्यार घालायचं, ही त्यांची शिकवण. त्यांच्या गटानं भूल दिलेल्या मेंढीच्या कॅरोटिड धमनीला मुद्दाम इजा करून सरावाचा वर्ग उभा केला. भळाभळा वाहणाऱ्या रक्तात डोकं शांत ठेवून धमनी कशी आवरायची, हे सर्जननी खऱ्या रुग्णावर वेळ येण्याआधी शिकून घ्यावं हा हेतू. इटलीतलं व्हरेसे आणि अमेरिकेतलं पिट्सबर्ग इथे नाकातून थेट कवटीच्या तळापर्यंत जाण्याचं तंत्र वाढलं. त्यात सगळ्यात मोठी अडचण होती ती मेंदूच्या आवरणाला पडलेलं भोक बुजवण्याची. २००६मध्ये अर्जेंटिनाच्या रोझारिओ शहरातल्या हदाद आणि बसागास्तेगी यांनी उपाय छापला. नाकाच्या पडद्याचं अस्तर सोलायचं, पण मागच्या बाजूला धमनी असलेली एक पट्टी जोडलेली ठेवायची आणि ते अस्तर फिरवून भोकावर पसरायचं. पुण्याजवळच्या वीटकऱ्यानं कावसजीच्या दोन डोळ्यांमध्ये ठेवलेल्या पट्टीमागचं तत्त्वही हेच होतं.

भारतात ही ये-जा आता दोन्ही दिशांनी होते. एका पिढीपूर्वी इथले सर्जन ग्राझला जात. आज जयपूर, तिरुचिरापल्ली अशा शहरांतल्या संस्थांत परदेशी डॉक्टर फेलोशिपला येतात. त्यांना रुग्णाला हात लावायचा तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. खर्च कमी हे एक कारण. पण खरं आकर्षण रुग्णांचं. बुरशीनं भरलेले सायनस, किशोरवयीन मुलांच्या नाकामागे वाढणारी रक्तानं गच्च भरलेली अँजिओफायब्रोमाची गाठ, तळ्यात डुंबणाऱ्यांच्या नाकात उगवणारा ऱ्हायनोस्पोरिडिओसिसचा लालसर कोंब, नाकात पडलेल्या अळ्या. श्रीमंत देशांतल्या डॉक्टरांनी यातलं बरंचसं फक्त पुस्तकात पाहिलेलं असतं.

मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. रेणुका ब्राडू यांच्या विभागानं कवटीच्या तळाच्या दुर्बीण-शस्त्रक्रियांत नाव मिळवलं. केईएममध्ये डॉ. मिलिंद कीर्तने यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. २०१४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या हातांची कसोटी लागली ती २०२१मध्ये. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीनं काळी बुरशी पसरली. ॲम्फोटेरिसिनची कुपी मिळवायला नातेवाईक शहरभर फिरत होते आणि औषध मिळालं तरी सडलेलं अस्तर आणि हाड दुर्बिणीनं काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ज्या शहरात नाकाचे शिकलेले सर्जन होते तिथे रुग्णांचे डोळे आणि जीव वाचवण्याची संधी तरी होती.

आणि शहापूर, मुरबाड? २०१४मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा खरा ग्रामीण पट्टा म्हणून हेच दोन तालुके उरले. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी यांची वस्ती. भाताची शेती, चुलीचा धूर, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघणारी कुटुंबं. इथे नाक बंद राहिलं की लोक 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतात. घोळणा फुटला तर डोक्यावर पाणी मारून उन्हाळ्याला दोष देतात. बहुतेकदा कारण साधंच असतं. पण एकाच नाकपुडीतून वारंवार येणारं रक्त, एकाच बाजूचा दुर्गंधीचा स्राव, एक डोळा पुढे येणं ही लक्षणं दिसली तर थांबून चालत नाही. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. अवघड शस्त्रक्रियेसाठी वाट एकच: आसनगावहून किंवा कसाऱ्याहून लोकल, कुर्ल्याला उतरून धिमी गाडी, मग सायन. कसारा ते सीएसएमटी अंतर १२१ किलोमीटर. मुरबाडला अजून रेल्वे नाही, म्हणून आधी एसटीनं कल्याण. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया बसतात, पण बुडालेली रोजंदारी कुठल्याच योजनेत बसत नाही.

मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत शिकणाऱ्यांचा हात ज्या रुग्णांवर बसतो, त्यांत या वाटेनं आलेले अनेक असतात. त्यांच्या ऋणाची परतफेड शस्त्रक्रियेच्या टेबलावर संपत नाही. सायनस मोकळा केल्यावर पुढचे काही आठवडे दुर्बिणीनं नाक साफ करून घ्यावं लागतं, घरी रोज मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं. ते पाणी उकळून गार केलेलं, स्वच्छ हवं. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं ज्या तालुक्यात आहेत, त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पत्रकावर छापलेली सूचना तिथे कशी पाळणार, हे सायनच्या वॉर्डात बसून समजत नाही. रुग्ण दुसऱ्या खेपेला येत नाही, कोंब पुन्हा वाढतो आणि केसपेपरवर 'फॉलोअप नाही' एवढंच उरतं.

म्हणून मुंबईतल्या प्रत्येक नाक-सायनस फेलोशिपमध्ये, मग शिकणारा इथला असो की परदेशी, शहापूर आणि मुरबाडच्या सरकारी रुग्णालयांतली महिन्याची एक ओपीडी सक्तीची असायला हवी. लागणारी सामग्री फार नाही: एक सरळ दुर्बीण, प्रकाशाचा स्रोत, कॅमेरा, शोषणयंत्र, निर्जंतुकीकरणाची सोय आणि तिथल्या डॉक्टरला आणि परिचारिकेला शिकवायची तयारी. शस्त्रक्रियेनंतरची सफाई तिथेच होईल, धोक्याची लक्षणं तिथेच ओळखता येतील. नेपाळहून किंवा पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या डॉक्टरला तर याचा दुप्पट उपयोग, कारण परत गेल्यावर त्याच्यापुढे संगणकी नेव्हिगेशन असलेलं थिएटर असण्यापेक्षा मुरबाडसारखं रुग्णालय असण्याचीच शक्यता जास्त. ओपीडीची खबर आठवडी बाजारात आणि पौषातल्या म्हसाच्या जत्रेत द्यावी, आशाताईंकडून पाड्यांवर पोहोचवावी. वर्षातली मोठी तपासणी दोनदा ठेवावी: एक दिवाळीच्या लगेच पुढच्या आठवड्यात, कुटुंबं भट्टीवर जाण्याआधी, आणि दुसरी पावसाच्या तोंडावर, ती परतल्यावर, पेरणी सुरू होण्याआधी.